४०० किलोमीटरवरच्या डीआर साइटला डेटा पाठवताना: सिंक्रोनस की असिंक्रोनस, हे ठरवण्याआधीचं काम

तुमचा प्रश्न मला असा समजला. मुख्य साइटवर एका कंपनीचं स्टोरेज आहे, त्यावर साधारण ३० टेराबाइट डेटा: एक मोठा ओरॅकल डेटाबेस, त्याच ॲप्लिकेशनची स्कॅन केलेली कागदपत्रं ठेवणारा विंडोज फाइल सर्व्हर आणि काही व्हर्च्युअल मशीन. ४०० किलोमीटरवर दुसरी साइट आहे (डीआर साइट, म्हणजे मुख्य साइट गेली तर काम जिथून चालवायचं ती), तिथे दुसऱ्याच कंपनीचं, जरा जुनं स्टोरेज आहे. मधली लिंक १ गिगाबिटची, पण दिवसा त्यातले ३०० मेगाबिटच रेप्लिकेशनला (डेटाची प्रत सतत पलीकडे पाठवत राहण्याला) मिळणार. वरून सांगितलंय की डेटा अजिबात जाता कामा नये आणि १५ मिनिटांत सगळं चालू झालं पाहिजे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: सिंक्रोनस लावायचं (पलीकडे पोचेपर्यंत थांबायचं) की असिंक्रोनस (इथे लिहून पुढे जायचं, पलीकडे मागाहून पाठवायचं), एवढी लिंक पुरेल का, आणि रेप्लिकेशन चालू झाल्यावर रोजचा बॅकअप बंद केला तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: बॅकअप बंद करू नका, याला अपवाद नाही. कुणी चुकून टेबल उडवलं किंवा रॅन्समवेअरने फाइली एन्क्रिप्ट केल्या, तर रेप्लिकेशन तेच नुकसान काही सेकंदांत पलीकडे नेऊन ठेवतं. साइट गेली तर रेप्लिकेशन वाचवतं; चुकीचं काही लिहिलं गेलं तर जुन्या तारखेची प्रतच वाचवते. या दोन वेगळ्या संकटांच्या दोन वेगळ्या सोयी आहेत.

आता मुख्य मुद्दा. ‘सिंक्रोनस की असिंक्रोनस’ हा प्रश्न सगळे आधी विचारतात, पण तो शेवटी सुटतो. आधी विचारायचं ते असं: दिवसातल्या सर्वांत वाईट क्षणी मुख्य साइट गेली, तर पलीकडच्या प्रतीवरून डेटाबेस उघडेल का, आणि उघडला तर ती प्रत किती जुनी असेल? या दोन्ही गोष्टी मोजून ठरवता येतात. त्यासाठी तुमच्या साइटवरचे आकडे लागतील. मी खाली उदाहरणादाखल आकडे धरलेत, तिथे तुमचे घालून पाहा.

‘डेटा अजिबात जाता कामा नये’ या वाक्यावर कुठलीही खरेदी करू नका. प्रत्येक ॲप्लिकेशनच्या मालकासमोर बसा आणि विचारा: शेवटच्या १५ मिनिटांचं काम गेलं तर ते पुन्हा कशावरून भरणार? कागद हातात असेल तर पुन्हा स्कॅन होईल. दुसऱ्या सिस्टिमकडून संदेश येत असतील आणि ती सिस्टिम ते दोन दिवस जपून ठेवत असेल, तर पुन्हा मागवता येतील. पैशांचा व्यवहार समोरच्याला ‘झाला’ असं सांगून बसला असेल, तर तो पुन्हा कुठूनच मिळणार नाही. असं विचारत गेलं की बहुतेक ठिकाणी तीन गट पडतात: शून्याच्या जवळ लागणारा थोडासा डेटा, १५ मिनिटं ते तासभर चालणारा मोठा डेटा, आणि कालच्या बॅकअपवर भागेल असा उरलेला. सगळ्याला एकच आरपीओ (जास्तीत जास्त किती वेळाचं काम गेलेलं चालेल ती मर्यादा) लावला की सगळ्यात महागडी सोय ३० टेराबाइटना लागते, आणि ती कुठल्याच टेराबाइटला नीट पुरत नाही.

सिंक्रोनसमध्ये प्रत्येक राइट पलीकडे पोचल्याची पावती आल्याशिवाय सर्व्हरला ‘लिहिलं’ असं कळवलं जात नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किलोमीटरमागे १० मायक्रोसेकंद. नकाशावरचे ४०० किलोमीटर केबलच्या वाटेने सहज ५०० होतात. म्हणजे निव्वळ प्रकाशाचेच ५ मिलिसेकंद, आणि मधली उपकरणं धरून ६ ते ८. फ्लॅश स्टोरेजवर आज तुमचा राइट अर्ध्या मिलिसेकंदात होत असेल, तर तो साडेसहावर जाईल. एकामागून एक कमिट करणारं काम आज सेकंदाला २००० कमिट करत असेल, तर ते १५० वर येईल. रेप्लिकेशनचा प्रोटोकॉल एका राइटसाठी दोन फेऱ्या मारत असेल (आधी ‘पाठवू का’ विचारायचं, मग डेटा पाठवायचा), तर ८० वर. शेकडो वापरकर्ते एकाच वेळी काम करत असतात तेव्हा डेटाबेस अनेकांचे कमिट एकत्र लिहितो, त्यामुळे दिवसा तितकं जाणवत नाही. रात्रीचा एकाच धाग्यावर चालणारा बॅच मात्र दोन तासांचा दहा तासांवर जाऊ शकतो. बऱ्याच कंपन्या सिंक्रोनससाठी जाऊन-येऊन ५ किंवा १० मिलिसेकंदांची मर्यादा सांगतात. पण ती कंपनीच्या पाठिंब्याची मर्यादा झाली. तुमच्या ॲप्लिकेशनला किती सोसेल, हे ती सांगत नाही.

शिवाय सिंक्रोनस लावलं म्हणजे नुकसान शून्य, असंही नाही. लिंक तुटली तर काय करायचं, हे तुम्हाला आधीच निवडावं लागतं: मुख्य साइटवरचं लिखाण थांबवायचं, की रेप्लिकेशनशिवाय पुढे चालू द्यायचं. ओरॅकल डेटा गार्डमध्ये (ओरॅकलच्या स्वतःच्या रेप्लिकेशनमध्ये) हीच निवड मॅक्सिमम प्रोटेक्शन आणि मॅक्सिमम अव्हेलेबिलिटी या नावांनी आहे, नेटॲप कंपनीच्या स्टोरेजमधल्या सिंक्रोनस स्नॅपमिररमध्ये स्ट्रिक्टसिंक आणि सिंक या नावांनी. जवळजवळ सगळे दुसरा पर्याय घेतात, कारण लिंक हलली म्हणून धंदा बंद पडणं कुणाला परवडत नाही. पण आग किंवा पूर एका फटक्यात सगळं नेत नाही. आधी लिंक जाते, मग वीज, मग स्टोरेज, आणि मधल्या वीस मिनिटांत लिहिलेलं पलीकडे गेलेलंच नसतं. वरिष्ठांना हे लेखी सांगा आणि निवड त्यांच्याकडून करून घ्या.

म्हणून ४०० किलोमीटरवर मी मोठा डेटा असिंक्रोनसच ठेवीन. ज्या थोड्या डेटाला खरोखर शून्य लागतं, त्यासाठी मधला मार्ग आहे: ३०-५० किलोमीटरवर, वेगळी वीज आणि वेगळी पूररेषा असलेल्या तिसऱ्या जागी सिंक्रोनस प्रत, आणि तिथून दूरच्या साइटला असिंक्रोनस. ओरॅकलमध्ये तर तिथे पूर्ण डेटाबेससुद्धा लागत नाही. फार सिंक नावाचा छोटा इन्स्टन्स फक्त रीडू लॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद) सिंक्रोनस घेतो आणि पुढे पाठवतो. त्यात डेटाफाइल नसतात. त्याला ॲक्टिव्ह डेटा गार्डचं लायसन लागतं, तो खर्च धरा.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण: दोन्ही स्टोरेज वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत. स्टोरेजमधलं अंगभूत रेप्लिकेशन साधारणपणे एकाच कंपनीच्या, बहुधा एकाच घराण्यातल्या दोन मॉडेलांमध्येच चालतं. मग एकतर मध्ये व्हर्च्युअलायझेशनचा थर टाकायचा, किंवा रेप्लिकेशन वरच्या थरावर न्यायचं. तुमच्याकडचा माल पाहता मी दुसरा रस्ता धरीन: ओरॅकलसाठी डेटा गार्ड, व्हर्च्युअल मशीनसाठी हायपरव्हायजरचं (ती मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) रेप्लिकेशन (हायपर-व्ही रेप्लिकात ३० सेकंद, ५ मिनिटं किंवा १५ मिनिटं अशी निवड मिळते), आणि फाइल सर्व्हरसाठी विंडोज स्टोरेज रेप्लिका. यातली शेवटची सोय पूर्ण रूपात डेटासेंटर आवृत्तीतच मिळते. २०१९ पासून स्टँडर्डमध्ये आहे, पण एकच व्हॉल्यूम आणि २ टेराबाइटपर्यंतच. डेटा गार्डलासुद्धा एंटरप्राइझ आवृत्ती लागते. तुमच्याकडे स्टँडर्ड असेल तर खालचं बरंच गणित बदलेल, तेव्हा आधी ते पाहा.

डेटाबेसच्या थरावर गेल्याचा मोठा फायदा असा की फक्त रीडू जातो. स्टोरेजच्या थरावर तोच बदल रीडू लॉगमध्ये, डेटाफाइलमध्ये, अनडूमध्ये (बदल मागे घेण्यासाठीच्या नोंदीत) आणि आर्काइव्ह लॉगमध्ये (रीडूच्या जपून ठेवलेल्या प्रतीत) असा तीन-चारदा लिहिला जातो आणि तितक्यांदा लिंकवरून जातो. टेंपचा (तात्पुरत्या कामाच्या जागेचा) कचरा वेगळाच. दुसरा फायदा: स्टोरेजमध्ये खराब झालेला ब्लॉक तसाच पलीकडे उमटत नाही. पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी करा: फोर्स लॉगिंग (प्रत्येक बदल रीडूमध्ये लिहायला लावणारी सोय) चालू करा. नाहीतर वेग यावा म्हणून नोलॉगिंग लावून भरलेला डेटा रीडूमध्ये येतच नाही. स्टँडबाय (पलीकडचा राखीव डेटाबेस) महिनोन्‌महिने निरोगी दिसत राहतो, आणि फेलओव्हरनंतर (काम पलीकडच्या साइटवर हलवल्यावर) नेमकं ते टेबल वाचताना ब्लॉक खराब असल्याची त्रुटी येते. फोर्स लॉगिंगने रीडू वाढेल, म्हणून लिंकचं माप ते चालू केल्यानंतरच घ्या.

आता लिंक पुरेल का. इथे घाई करू नका, कारण इथेच सर्वांत जास्त योजना फसतात.

राइटचा वेग मिनिटामिनिटाला मोजा. लिनक्सवर आयओस्टॅट, विंडोजवर परफॉर्मन्स मॉनिटरमधला डिस्क राइट बाइट्स पर सेकंद, ओरॅकलसाठी ताशी तयार होणाऱ्या आर्काइव्ह लॉगचा आकार. किमान एक आठवडा, आणि त्यात महिनाअखेर आली पाहिजे. स्टोरेजच्या स्वतःच्या आलेखावर विसंबू नका. तो बहुधा तासाची सरासरी दाखवतो आणि शिखरं सपाट करून टाकतो. लिंक बिटमध्ये विकली जाते आणि स्टोरेज बाइटमध्ये मोजलं जातं, हेही लक्षात ठेवा: ३०० मेगाबिट म्हणजे ३७.५ मेगाबाइट, आणि प्रोटोकॉलचा भार व थोडी मोकळीक सोडून हाती ३० मेगाबाइट सेकंदाला.

समजा, मोजल्यावर असं दिसलं: एरवी सेकंदाला १२ मेगाबाइट, आणि रात्री दोन तासांच्या बॅचमध्ये ९०. दिवसाचा एकूण हिशेब करा. २२ तासांचे ९५० गिगाबाइट, बॅचचे ६४८, मिळून १.६ टेराबाइट. लिंक दिवसाला जवळपास २.६ टेराबाइट नेऊ शकते. कागदावर लिंक मोकळी आहे. आता बॅच चालू असताना पाहा. दर सेकंदाला ९० येतात, ३० जातात, ६० साठतात. दोन तासांच्या शेवटी ४३२ गिगाबाइट तुंबलेले असतात आणि लिंकने फक्त पहिल्या ४० मिनिटांचं लिखाण पलीकडे नेलेलं असतं. म्हणजे प्रत ८० मिनिटं मागे आहे. बॅच संपला, आता ती पकडायला लागेल असं वाटतं, पण तसं होत नाही. रांगेत पुढे बॅचचंच दाट लिखाण आहे. त्यातला एक सेकंद पलीकडे न्यायला तीन सेकंद लागतात, आणि घड्याळ पुढे चाललंय. बॅच सुरू झाल्यापासून सहा तासांनी त्याचा शेवटचा राइट पलीकडे पोचतो, आणि त्या क्षणी प्रत ४ तास मागे असते. त्यानंतर कुठे अंतर कमी होऊ लागतं, आणि पूर्ण बरोबरी यायला आणखी २ तास ४० मिनिटं जातात. रात्री ११ ला बॅच सुरू झाला तर सर्वांत वाईट वेळ पहाटे ५ ची, जेव्हा लोड आलेखात सगळं शांत दिसतं. १५ मिनिटांचा आरपीओ तुम्ही दिवसातले आठ तासांहून जास्त मोडत असता, आणि दैनिक सरासरीत त्याचा मागमूस नसतो.

या उदाहरणात उपाय मात्र फुकटातला आहे. रात्री बाकीच्या कामांना लिंक लागत नसेल, तर क्यूओएसचं (लिंकचा वाटा ठरवून देणाऱ्या सोयीचं) वेळापत्रक लावून त्या वेळेत रेप्लिकेशनला पूर्ण गिगाबिट द्या. हाती सुमारे १०० मेगाबाइट येतात, बॅच ९० चा आहे, तुंबा होतच नाही. फक्त दूरच्या बॅकअपची कॉपी त्याच लिंकवरून त्याच वेळी जात नाही ना, हे तपासा. याखेरीज टेंप टेबलस्पेस, स्वॅप, पेजफाइल यांना वेगळे व्हॉल्यूम द्या आणि ते रेप्लिकेट करू नका. पलीकडे त्या नावाचे रिकामे व्हॉल्यूम तयार असले म्हणजे झालं. इंडेक्स रीबिल्ड, डीफ्रॅगमेंटेशन, व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क एका डेटास्टोअरवरून दुसऱ्यावर हलवणं, यातल्या प्रत्येकाने राइटचा लोंढा येतो. अशा कामांच्या वेळा रेप्लिकेशन सांभाळणाऱ्याला आधी कळल्या पाहिजेत.

जर्नलवर (पाठवायचं लिखाण क्रमाने साठवणाऱ्या जागेवर) चालणारी पद्धत असेल, तर जर्नलचा आकार याच गणितातून काढा. वरच्या उदाहरणात २०० गिगाबाइटचं जर्नल बॅचच्या ५६ व्या मिनिटाला भरतं. भरलं की रेप्लिकेशन थांबतं, आणि पुढे फक्त कुठले ब्लॉक बदलले एवढीच खूण ठेवली जाते. नंतर ते ब्लॉक पाठवताना लिहिल्याचा क्रम पाळला जात नाही, त्यामुळे ही जुळवणी पूर्ण होईपर्यंत पलीकडची प्रत उघडण्याजोगी नसते. नेमकी त्या काही तासांत साइट गेली तर हाती काहीच नाही. म्हणून पुन्हा जुळवणी सुरू होण्याआधी पलीकडच्या प्रतीचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) आपोआप घेतला जाईल, अशी सोय करा. जुना का होईना, चालणारा डेटा राहतो.

स्नॅपशॉटवर चालणारी पद्धत असेल तर हिशेब वेगळा. दोन स्नॅपशॉटमध्ये एकच ब्लॉक शंभरदा लिहिला तरी एकदाच जातो, हा फायदा. पण बदलाची नोंद ६४ किलोबाइटच्या किंवा १ मेगाबाइटच्या तुकड्यांनी ठेवली जात असेल आणि डेटाबेस इकडेतिकडे ८ किलोबाइट लिहीत असेल, तर ८ साठी ६४ किंवा त्याहून जास्त जातात. आणि ‘दर १५ मिनिटांनी स्नॅपशॉट’ म्हणजे १५ मिनिटांचा आरपीओ नव्हे. पाठवायला १० मिनिटं लागत असतील, तर पुढचा स्नॅपशॉट पोचायच्या आत साइट गेल्यास २५ मिनिटांचं काम जातं. मध्यांतर अधिक पाठवण्याचा वेळ, असा हिशेब धरा.

लिंकची चाचणी एखाद्या मिनिटाची नको, निदान २४ तासांची घ्या, आयपर्फ (लिंकचा वेग मोजणारं साधन) लावून. हजारात एक पॅकेट हरवत असेल तर ८ मिलिसेकंदांच्या लिंकवर जुन्या पद्धतीच्या टीसीपीचं एक कनेक्शन सेकंदाला ७ मेगाबाइटच्या आसपासच अडतं, मग लिंक कितीही रुंद असो. मधलं एखादं फायरवॉल टीसीपीचं विंडो स्केलिंग काढून टाकत असेल तर विंडो (पावती येण्याआधी पाठवता येणारा डेटा) ६४ किलोबाइटवर अडकते, आणि वेग ८ वर. अशा वेळी लिंक वाढवून उपयोग होत नाही. पॅकेट कुठे पडतात ते शोधा, आणि समांतर कनेक्शनची सोय असेल तर वापरा. एन्क्रिप्शन करणार असाल तर कॉम्प्रेशन त्याच्या आधी व्हायला हवं; एन्क्रिप्ट झालेला डेटा आवळला जात नाही.

पहिली पूर्ण प्रत लिंकवरून पाठवायच्या फंदात पडू नका. ३० टेराबाइट, सेकंदाला ३० मेगाबाइट, म्हणजे साडेअकरा दिवस. वरच्या उदाहरणातल्या रोजच्या बदलांनाही त्याच लिंकवरून जायचंय म्हटल्यावर सुमारे ३०. ओरॅकलसाठी आरमॅनचा (ओरॅकलच्या बॅकअप साधनाचा) बॅकअप एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर घ्या, गाडीने पाठवा, पलीकडे रिस्टोअर करा आणि मधल्या दिवसांचे आर्काइव्ह लॉग लावा. त्या काळात मुख्य साइटवरची नेहमीची साफसफाई ते लॉग पुसणार नाही, अशी धोरणात नोंद करा. हा एक मुद्दा राहिला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. व्हर्च्युअल मशीनच्या रेप्लिकेशनमध्येही पहिली प्रत डिस्कवरून नेण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते.

आता कन्सिस्टन्सी, म्हणजे पलीकडच्या प्रतीतली आपसातली सुसंगती. डेटाबेस नेहमी आधी लॉग लिहितो, मग डेटा. पलीकडच्या प्रतीत हा क्रम टिकला तर ती प्रत म्हणजे अचानक वीज गेलेला सर्व्हर, आणि त्यातून उठणं डेटाबेसला जमतं. लॉगचा आणि डेटाचा लन (स्टोरेजने सर्व्हरला दिलेली डिस्क) वेगवेगळ्या वेगाने रेप्लिकेट झाले तर डेटाफाइलमध्ये असा बदल सापडतो ज्याचा लॉगच नाही, आणि डेटाबेस उघडत नाही. पुढेमागे स्टोरेजच्या थरावर गेलात, तर एका डेटाबेसचे सगळे लन एकाच कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये (क्रम राखून एकत्र रेप्लिकेट होणाऱ्या गटात) हवेत. आणि सर्वांत जास्त आढळणारा बिघाड अगदी साधा असतो: सहा महिन्यांनी कुणी जागा संपली म्हणून नवा लन जोडतं, आणि तो ग्रुपमध्ये घालायचा राहतो. रेप्लिकेशनचा डॅशबोर्ड हिरवाच राहतो, कारण त्याला त्या लनचा पत्ताच नाही. सर्व्हरवर माउंट झालेल्या लनची यादी आणि ग्रुपमधली यादी रोज स्क्रिप्टने ताडून पाहा.

तुमच्याकडे डेटा गार्ड असल्यावर डेटाबेसच्या आतला क्रम आपोआप सांभाळला जाईल, पण डेटाबेस आणि फाइल सर्व्हर यांच्यातला नाही. ॲप्लिकेशन कागद स्कॅन करतं, फाइल सर्व्हरवर ठेवतं आणि तिचा पत्ता टेबलात लिहितं. रीडू दोन सेकंदांत पलीकडे पोचला आणि फाइली दहा मिनिटं मागे असल्या, तर फेलओव्हरनंतर टेबलात दहा मिनिटांच्या अशा नोंदी असतील ज्यांची फाइलच नाही. वापरकर्त्याला कागद ‘आहे’ असं दिसतं आणि उघडताना त्रुटी येते. उलट फाइली पुढे आणि डेटाबेस मागे असेल तर काही फाइली बिननोंदीच्या राहतात. त्या नंतर शोधून जोडता येतात. म्हणून दोन्हींत फाइल सर्व्हर मागे पडू देऊ नका: लिंकवर त्याला प्राधान्य द्या, त्याची सूचना आधी वाजू द्या. त्यातूनही मागे राहिलाच, तर फेलओव्हरनंतर शेवटच्या तासाच्या नोंदींवरून फाइली तपासून हरवलेल्यांची यादी काढणारी क्वेरी आधीच लिहून ठेवा. त्या यादीवरून कागद पुन्हा स्कॅन करता येतील. यादी नसेल तर कुठला कागद गेला, हे कळायला महिने लागतील.

पलीकडच्या जुन्या स्टोरेजबद्दल: जागा पुरते एवढंच पाहू नका. ३० टेराबाइटशिवाय काही दिवसांचे स्नॅपशॉट आणि चाचणीसाठी क्लोन यांची जागा हवी. त्यातले काही स्नॅपशॉट ॲडमिनलाही ठरावीक मुदतीआधी पुसता येणार नाहीत असे ठेवा, रॅन्समवेअरसाठी. (काहीही कारण नसताना रेप्लिकेशन एकदम मागे पडू लागलं आणि कॉम्प्रेशनचं प्रमाण कोसळलं, तर कुणीतरी फाइली एन्क्रिप्ट करत सुटलंय का, ते लगेच पाहा.) आणि वेग: फेलओव्हरनंतर सगळा धंदा त्याच स्टोरेजवर चालणार आहे. फिरत्या डिस्कवर दिवसाचा लोड पेलत नसेल, तर १५ मिनिटांत चालू होऊन दुपारी ठप्प होईल.

त्या १५ मिनिटांचं काय? घटनेपासून चालू होईपर्यंतचे टप्पे वेगळे लिहा: बिघाड लक्षात येणं, तो तात्पुरता नाही याची खात्री, फेलओव्हरचा निर्णय, डेटाबेस वर आणणं, ॲप्लिकेशन जोडणं, डीएनएस बदलणं, तपासणं. तांत्रिक टप्पे स्क्रिप्टने १५ मिनिटांत बसतात. निर्णय बसत नाही, कारण तो घेणारा कोण, तो न भेटल्यास कोण, हे ठरलेलं नसतं. असिंक्रोनसमध्ये निर्णय यंत्रावर सोडू नका. लिंक तुटल्यावर दोन्हीकडे डेटाबेस लिहिते झाले तर ते दोन इतिहास पुन्हा एक करणं जवळजवळ अशक्य. सोय आधी करून ठेवण्यासारख्या गोष्टी: डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता लक्षात ठेवण्याचा काळ) पाच मिनिटांवर आणा, पलीकडे डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) चालू ठेवा, ॲप्लिकेशनची लायसनं त्या सर्व्हरवर चालतात का ते पाहा. आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या देणारा सर्व्हर फक्त मुख्य साइटवर नाही ना, ते आधी तपासा. सगळा डेटा पलीकडे जसाच्या तसा आहे, पण किल्ली जळून गेलेल्या इमारतीत आहे, अशी अवस्था नको.

प्रत किती मागे आहे हे डॅशबोर्डशिवाय स्वतंत्रपणे मोजा. मुख्य डेटाबेसमधल्या एका छोट्या टेबलात आणि फाइल सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये दर मिनिटाला वेळ लिहा, आणि पलीकडे ती वाचा. रोज वाचणं जमत नसेल तिथे स्नॅपशॉटच्या क्लोनवरून वाचा. आरपीओच्या निम्म्यावर सूचना वाजली पाहिजे, ओलांडल्यावर नव्हे. दर तीन महिन्यांनी पूर्ण चाचणी घ्या, रेप्लिकेशन न थांबवता. ओरॅकलमध्ये स्टँडबाय काही तासांसाठी स्नॅपशॉट स्टँडबाय करून त्यावर लिहिता येतं. रीडू तेव्हाही येत राहतो, फक्त लागू होत नाही, म्हणून त्या काळात खरी आपत्ती आली तर वर यायला जास्त वेळ लागेल. चाचणीचं नेटवर्क पूर्ण वेगळं ठेवा. चाचणीतल्या ॲप्लिकेशनने ग्राहकांना खरे ईमेल पाठवले किंवा मुख्य डेटाबेसला जाऊन हात लावला, तर चाचणीच संकट होते.

परतीचा प्रवास योजनेत बहुधा नसतोच, तो आत्ताच लिहून काढा. मुख्य साइट सावरल्यावर जुन्या डेटाबेसला नव्याचा स्टँडबाय करायचं असतं. त्याच्यावर फ्लॅशबॅक (डेटाबेस आधीच्या क्षणावर नेण्याची सोय) आधीपासून चालू असेल तर फेलओव्हरच्या क्षणापर्यंत तो मागे नेऊन काही तासांत जोडता येतो. नसेल तर ३० टेराबाइटची वाहतूक पुन्हा उलट दिशेने. हायपरव्हायजर आणि फाइल सर्व्हरच्या रेप्लिकेशनमध्येही दोन्हीकडे सामाईक असलेला शेवटचा बिंदू पुसला जाणार नाही, याची तजवीज करा. आणि मागे नेण्याआधी, उलटं रेप्लिकेशन सुरू करण्याआधी, जुन्या मुख्य साइटवरच्या सगळ्या व्हॉल्यूमचे स्नॅपशॉट घ्या. पलीकडे न पोचलेले ते शेवटचे व्यवहार जगात फक्त तिथेच असतात, आणि उलटं रेप्लिकेशन त्यांच्यावरून लिहून जातं. स्नॅपशॉट असेल तर तो वेगळा उघडून ते व्यवहार काढता येतील आणि ॲप्लिकेशनच्या मालकाला एकेक तपासून पुन्हा भरता येतील.